हजेरीत गैरहजर ठरलेली डिस्क

आमच्या ओळखीच्या एका शाळेत घडलेली ही गोष्ट. तिथला संगणक कक्ष सांभाळणारे सर मोठे हौशी. वाळवीने धरलेली जुनी जनरल रजिस्टरे त्यांनी दोन उन्हाळी सुट्ट्या खर्ची घालून पानापानाने स्कॅन केली. चाळीस वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेला एखादा माणूस जन्मतारखेच्या पुराव्यासाठी दारात उभा राहतो, तेव्हा त्या पानांची किंमत कळते. त्यांच्या जोडीला निकालपत्रके, सुवर्णमहोत्सवाची छायाचित्रे आणि स्नेहसंमेलनांच्या चित्रफितीही होत्या. हे सगळे सुरक्षित राहावे म्हणून सरांनी एक जुना सर्व्हर मिळवला. त्यात ‘रेड’ कंट्रोलर कार्ड होते. बाजारातून घरगुती संगणकात वापरतात तशा दोन-दोन टेराबाइटच्या चार हार्ड डिस्क आणून त्यांनी त्या कार्डाला जोडल्या. चारांपैकी कोणतीही एक डिस्क बंद पडली तरी माहितीला धक्का लागणार नाही, अशी ही रचना होती.

दीड-दोन वर्षे सगळे सुरळीत चालले. मग एके दिवशी कार्डाने तक्रार केली की, पहिली डिस्क निकामी झाली आहे. सरांनी लगेच नवी डिस्क आणून बसवली आणि कार्डाने हरवलेली माहिती तिच्यावर पुन्हा भरायला सुरुवात केली. हे काम अर्ध्याहून पुढे गेले असेल नसेल, तोच कार्डाने आणखी एक डिस्क निकामी ठरवली. चारातल्या दोन गेल्या म्हणजे सगळेच गेले.

यानंतर जे घडले तेच आपल्या लेखाचा विषय आहे. सरांनी त्या दोन्ही ‘मेलेल्या’ डिस्क घरी नेऊन आपल्या साध्या संगणकाला जोडल्या. दोन्ही चालू झाल्या! आवाज नाही, खडखड नाही. एकीच्या तपासणीत एकही दोष सापडला नाही, दुसरीवर मोजून पाच जागा वाचता येत नव्हत्या. दोन टेराबाइटच्या डिस्कवर अशा जवळजवळ चारशे कोटी जागा असतात. चारशे कोटींत पाच वाईट निघाल्या म्हणून आख्खी डिस्क मृत कशी ठरली?

कार्ड बिघडले असेल, असे कोणालाही वाटेल. पण कार्डही ठीक होते. डिस्क आपल्या समजुतीप्रमाणे अगदी योग्य वागत होती आणि कार्डही आपल्या समजुतीप्रमाणे अगदी योग्य वागत होते. फक्त दोघांच्या समजुती एकमेकींशी जुळत नव्हत्या. हे नीट कळण्यासाठी आधी ‘रेड’ म्हणजे काय ते पाहावे लागेल.

स्वस्त डिस्कांची फौज

१९८८ साली अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी काट्झ यांनी एक निबंध सादर केला. त्या वेळी मोठ्या संगणकांना आयबीएमच्या ३३८० सारख्या प्रचंड डिस्क लागत. त्यांची क्षमता ७,५०० मेगाबाइट, आकार कपाटाएवढा आणि किंमत तशीच. दुसरीकडे, घरगुती संगणकांसाठी १०० मेगाबाइटच्या छोट्या डिस्क निघाल्या होत्या. एका महागड्या हत्तीऐवजी स्वस्त घोड्यांची फौज का वापरू नये, असा या तिघांचा प्रश्न होता. त्यांनी या कल्पनेला ‘रिडन्डन्ट ॲरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स’ असे नाव दिले. म्हणजे, थोडी जादा माहिती राखून ठेवणारा स्वस्त डिस्कांचा संच. आद्याक्षरे जोडली की झाले ‘रेड’.

फौजेची अडचण त्यांना ठाऊक होती. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असे धरले, तर शंभर डिस्कांच्या संचात सरासरी दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, कोणती ना कोणती डिस्क बंद पडणार. (हे गणित वर्गात जरूर करावे. ‘एक वस्तू भरवशाची असली तरी शंभरांचा जमाव भरवशाचा नसतो’ हे मुलांना सहसा सुचत नाही.) म्हणून संचात जादा माहिती ठेवायची, जेणेकरून एखादी डिस्क गेली तरी तिच्यावर काय होते ते उरलेल्यांवरून काढता यावे.

ते कसे काढतात हे पाहण्यासाठी चार मुले आणि चार पाट्या पुरतात. पहिल्या तिघांनी पाटीवर मनाला येईल तो आकडा लिहायचा, फक्त ० किंवा १. चौथ्याने मात्र असा आकडा लिहायचा की चारही पाट्यांवर मिळून १ हा आकडा सम वेळा यावा. समजा, तिघांनी १, ०, १ लिहिले. १ दोनदा आला आहे, दोन ही संख्या समच आहे, म्हणून चौथा ० लिहील. तिघांनी १, १, १ लिहिले असते तर चौथ्याला १ लिहावा लागला असता. आता चौघांपैकी कोणालाही पाटीसकट वर्गाबाहेर पाठवा आणि बाकीच्या वर्गाला विचारा, ‘त्याच्या पाटीवर काय होते?’ उरलेल्या तीन पाट्यांवरचे १ मोजले की उत्तर मिळते. ते सम असतील तर बाहेर गेलेल्याकडे ०, विषम असतील तर १.

चार डिस्कांचा संच हेच करतो, फक्त कोट्यवधी वेळा. (‘चौथ्या मुलाचे’ काम प्रत्यक्षात एकाच डिस्ककडे नसते, ते आळीपाळीने सगळ्यांकडे जाते. या प्रकाराला रेड-५ म्हणतात.) हा हिशेब करणारे, डिस्कांना हुकूम देणारे आणि कोण हजर, कोण गैरहजर याची नोंद ठेवणारे जे यंत्र, ते म्हणजे कंट्रोलर कार्ड.

खेळ तिथेच थांबवू नका. एक मूल बाहेर असतानाच आतल्या तिघांपैकी एकाच्या पाटीवरचा आकडा पुसून टाका, आणि पुन्हा तोच प्रश्न विचारा. आता उत्तर येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डिस्क अडखळते तेव्हा

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि त्यांच्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर उंचीवर वाचणारे-लिहिणारे टोक तरंगत असते. माहिती ‘सेक्टर’ नावाच्या छोट्या तुकड्यांत लिहिलेली असते. जुन्या पद्धतीच्या सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावत. संगणकात देवनागरी अक्षरचिन्हाला साधारण तीन बाइट लागतात हे धरले, तर एका सेक्टरमध्ये मराठीच्या जेमतेम दोन-तीन ओळी बसतील. २०११ पासून बहुतेक डिस्कांवर ४,०९६ बाइटचे सेक्टर आले. पण त्यातल्या पुष्कळशा संगणकाशी बोलताना अजूनही ५१२चीच भाषा बोलतात.

प्रत्येक सेक्टरच्या शेवटी दुरुस्तीसाठी थोडे जादा आकडे लिहून ठेवलेले असतात. वाचताना काही बिट चुकले तर त्यांच्या मदतीने डिस्क ते स्वतःच सुधारते. हे सतत चालू असते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. पण कधीकधी चूक एवढी मोठी असते की या आकड्यांनीही भागत नाही. अशा वेळी डिस्क काय करते?

ती पुन्हा वाचून पाहते. चकती फिरून तोच सेक्टर टोकाखाली आला की आणखी एकदा. मग टोक किंचित आत सरकवून, किंचित बाहेर सरकवून पाहते. पुसट झालेले अक्षर आपण कागद तिरपा धरून, उजेडात नेऊन वाचायचा प्रयत्न करतो, तसेच हे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणजे एका मिनिटात तिला तो सेक्टर वाचण्याच्या सात हजारांवर संधी मिळतात. घरगुती डिस्क या संधी सोडत नाही. एखाद्या हट्टी सेक्टरवर ती मिनिटभर, कधी दोन मिनिटेही, झगडत राहते आणि तोवर दुसऱ्या कशालाच उत्तर देत नाही.

घरगुती संगणकात हे वागणे अगदी बरोबर आहे. तिथे ती डिस्क एकटी असते. तुमच्या मुलीच्या बारशाचे छायाचित्र त्या सेक्टरवर असेल, तर त्याची दुसरी प्रत बहुधा कुठेच नाही. संगणक दोन मिनिटे गोठून गेल्यासारखा वाटला तरी चालेल, पण छायाचित्र वाचले पाहिजे. म्हणून कंपन्यांनी या डिस्क मुद्दाम चिकाटीच्या बनवल्या.

संचात मात्र परिस्थिती उलटी असते. एका डिस्कला एक सेक्टर वाचता आला नाही, तर बाकीच्या तिघींवरून तो क्षणात काढता येतो. त्यामुळे संचातल्या डिस्कने थोडा प्रयत्न करून ‘मला हे वाचता येत नाही, तुम्ही काढा’ असे सांगून मोकळे व्हावे, यातच सगळ्यांचे हित असते. मग कार्ड उरलेल्यांवरून माहिती काढते आणि ती त्या डिस्कवर पुन्हा लिहायला देते. जागा खरेच खराब असेल तर डिस्क त्या सेक्टरऐवजी राखून ठेवलेला दुसरा सेक्टर वापरायला घेते. सगळे मिळून काही सेकंदांचे काम.

आता घरगुती डिस्क आणि कार्ड समोरासमोर आणा. कार्ड वर्गात हजेरी घेणाऱ्या शिक्षकासारखे असते. नाव पुकारले की ठरावीक वेळात ‘हजर’ आले पाहिजे. हा काळ कार्डागणिक वेगळा असतो. आठ सेकंदांचा आकडा पुष्कळदा सांगितला जातो. डिस्क वर्गातच आहे, पण बाकाखाली वाकून हरवलेला कागद मोठ्या निष्ठेने शोधते आहे. शिक्षक वाट पाहतात, पुन्हा पुकारतात, उत्तर नाही. ते गैरहजेरी मांडत नाहीत, थेट नावच पटावरून कमी करतात. डिस्क कागद सापडल्याच्या आनंदात वर येते, तेव्हा तिचे नाव पटावर नसते.

कार्डाच्या या घाईचा राग येतो खरा, पण त्याचीही बाजू आहे. ज्या कचेऱ्यांसाठी ही कार्डे बनली, तिथे शेकडो माणसे एकाच वेळी माहिती मागत असतात. एका डिस्कसाठी सगळ्यांना दोन मिनिटे ताटकळत ठेवणे परवडत नाही. शिवाय, गप्प बसलेली डिस्क प्रयत्न करते आहे की खरोखरच मेली आहे, हे कळायला कार्डाकडे काही साधन नसते.

पाटी पुसली जाते

एक डिस्क पटावरून गेली एवढ्याने माहिती जात नाही. खरा धोका पुढच्या पायरीवर आहे. नवी डिस्क भरताना कार्डाला उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात. रोजच्या वापरात असे कधीच होत नाही. १९७२च्या रजिस्टराचे पान गेल्या दोन वर्षांत कुणी उघडलेलेही नसेल. तिथे एखादा सेक्टर पुसट झाला असेल, तर ते आज पहिल्यांदाच उघड होते.

अशी शक्यता किती? घरगुती डिस्कांच्या माहितीपत्रकात बहुधा असे दिलेले असते की, १ वर १४ शून्ये इतके बिट वाचले तर न वाचता येणारी चूक एकापेक्षा अधिक वेळा आढळणार नाही. एक कोटी गुणिले एक कोटी एवढी ही संख्या आहे. ऐकायला प्रचंड, पण बाइटमध्ये मांडली तर फक्त साडेबारा टेराबाइट. सरांच्या संचात तीन डिस्क मिळून सहा टेराबाइट वाचायचे होते. म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ निम्मे! कचेऱ्यांसाठीच्या डिस्कांना हा आकडा बहुधा दहापट चांगला दिलेला असतो. अर्थात, ही कंपनीने सांगितलेली वरची मर्यादा आहे आणि पुष्कळ डिस्क प्रत्यक्षात तिच्यापेक्षा कितीतरी चांगल्या निघतात. त्यामुळे या गणितावरून ‘रेड-५ आता निरुपयोगी’ असे भाकीत करणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण शक्यता दुर्लक्ष करण्याजोगी नाही, एवढे त्यावरून नक्की दिसते.

सरांच्या बाबतीत तेच झाले. दुसऱ्या डिस्कला एक सेक्टर वाचता येईना. तिने चिकाटी धरली, कार्डाने घड्याळ पाहिले आणि तिचेही नाव कमी केले. पाटीच्या खेळात एक मूल बाहेर होते आणि दुसऱ्याच्या पाटीवरचा फक्त एक आकडा पुसला गेला होता. कार्डाने मात्र त्या मुलाला पाटीसकट बाहेर काढले. पाच सेक्टरसाठी सहा टेराबाइटवर पाणी!

डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांना हे दुखणे फार आधीपासून माहीत होते. त्यांनी कचेऱ्यांसाठीच्या डिस्कांत प्रयत्नाला वेळेची मर्यादा घातली, नेहमीचा आकडा सात सेकंदांचा. वेस्टर्न डिजिटल त्याला ‘टाइम लिमिटेड एरर रिकव्हरी’ म्हणते, सीगेट ‘एरर रिकव्हरी कंट्रोल’. सात सेकंद म्हणजे आठाच्या आत ‘हजर’ म्हणण्याची सोय. यात कोणतेही जास्तीचे यंत्र लागत नाही. डिस्कमधल्या प्रोग्राममधला एक आकडा बदलायचा, बस. त्यामुळे काही काळ हौशी मंडळी वेस्टर्न डिजिटलच्या घरगुती डिस्कांत एका छोट्या प्रोग्रामने हा आकडा स्वतःच बदलून घेत. २००९ च्या सुमारास त्या डिस्क या हुकमाला जुमानेनाशा झाल्या. संचासाठी चालणारी डिस्क हवी असेल तर जास्त पैसे मोजा, असा त्याचा अर्थ लोकांनी काढला, आणि तो अगदीच चुकीचा होता असे म्हणवत नाही. पुढे २०१२ मध्ये त्याच कंपनीने घरगुती व छोट्या कचेऱ्यांतल्या संचांसाठी ‘रेड’ नावाचीच वेगळी डिस्क काढली, तिच्यात ही मर्यादा होती. (ही ‘रेड’ म्हणजे लाल. उच्चार तोच असल्याने मराठीत लिहिताना घोटाळा होतो खरा.)

गंमत पाहा. ज्या कल्पनेच्या नावातच ‘स्वस्त’ हा शब्द होता, तिला स्वस्त डिस्क चालेनाशा झाल्या. दरम्यान त्या आद्याक्षराचा अर्थही बदलला होता. ‘इनएक्स्पेन्सिव्ह’ जाऊन त्याच्या जागी ‘इंडिपेन्डन्ट’, म्हणजे स्वतंत्र, आले होते.

न जुळणारे आणखी काही

वेळेचे भांडण सर्वांत घातक, पण एकमेव नव्हे. जुन्या कार्डांना तीन टेराबाइटची डिस्क जोडली, तर काही वेळा ती फक्त ८०१ गिगाबाइटची दिसते. यामागे निव्वळ अंकगणित आहे. ही कार्डे सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक बसतात. त्याला ५१२ने गुणले की २.२ टेराबाइट होतात. त्यापुढचे मोजताना आकडा गाडीच्या मीटरसारखा पुन्हा शून्यावर येतो आणि उरलेले ०.८ टेराबाइट तेवढे दिसते.

वीज वाचवणाऱ्या काही ‘ग्रीन’ डिस्कांची तऱ्हा निराळी. आठ सेकंद काम आले नाही की त्या टोक बाजूला नेऊन ठेवतात. घरी ठीक आहे. पण संच चालवणारा प्रोग्राम दर दहा सेकंदांनी काहीतरी विचारत असेल, तर टोक तासाला ३६० वेळा, दिवसाला ८,६४० वेळा आत-बाहेर करणार. डिस्कची हमी तीन लाख वेळांची असेल, तर पस्तीस दिवसांत ती संपते.

हादऱ्यांचे पाहायचे तर, २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्समधल्या ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने डिस्कांनी भरलेल्या कपाटासमोर उभे राहून जोरात ओरडून दाखवले. त्याच क्षणी पडद्यावरच्या आलेखात डिस्कांना उत्तर द्यायला लागणारा वेळ उसळून वर गेला. माणसाच्या आवाजाने एवढे होते, तर एकाच पेटीत शेजारी-शेजारी फिरणाऱ्या आठ-दहा डिस्क एकमेकींना किती त्रास देत असतील! कचेऱ्यांसाठीच्या पुष्कळ डिस्कांत असे हादरे ओळखून टोक सावरणारे संवेदक असतात, घरगुती डिस्कांत ते बहुधा नसतात.

सगळ्यांत अलीकडची भानगड कौलांची आहे. जास्त माहिती मावावी म्हणून काही डिस्कांत शेजारच्या वर्तुळाकार पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहितात, छपरावरच्या कौलांसारख्या. वाचायला अडचण नसते. पण मधले एक कौल बदलायचे तर त्याच्यावर चढलेली कौले आधी काढावी लागतात, तसे इथे एक पट्टी बदलायला पुढच्या कित्येक पट्ट्या पुन्हा लिहाव्या लागतात. डिस्क हे काम सवडीने, रिकाम्या वेळात उरकते. नवी डिस्क भरताना मात्र तासन्‌तास सलग लेखन चालते, सवड कुठली? २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केले की, संचांसाठी म्हणून विकलेल्या दोन ते सहा टेराबाइटच्या काही ‘रेड’ डिस्क कौलारू पद्धतीच्या आहेत. हे माहितीपत्रकात सांगितलेले नव्हते. एका चाचणीत साध्या डिस्कने एक दिवसही न घेता जे काम केले, त्याला कौलारू डिस्कला नऊ दिवसांहून अधिक लागले. पुढे साध्या पद्धतीच्या डिस्कांना कंपनीने ‘रेड प्लस’ असे वेगळे नाव दिले.

आणि काही वेळा न जुळणे हे मुद्दाम घडवलेले असते. २०१० साली डेल कंपनीच्या नव्या कार्डांनी दुसरीकडून घेतलेल्या डिस्क स्वीकारायलाच नकार दिला होता. ग्राहकांनी ओरड केल्यावर त्याच वर्षी तो निर्बंध उठवला गेला.

मग छोट्या शाळेने काय करावे? महागडी कार्डे आणि महागड्या डिस्क हा एक मार्ग आहे, पण तोच एक नाही. २००९ मध्ये बॅकब्लेझ या अमेरिकी कंपनीने आपल्या साठवणपेटीची रचना जाहीर केली. एका पेटीत दीड टेराबाइटच्या ४५ घरगुती डिस्क होत्या आणि रेडचे कार्ड एकही नव्हते. सगळा हिशेब लिनक्स ही संगणकप्रणाली करत होती. तिने पंधरा-पंधरा डिस्कांचे तीन संच केले होते आणि प्रत्येकात दोन डिस्क गेल्या तरी चालेल अशी योजना होती. प्रोग्रामने चालवलेल्या संचाचा फायदा असा की, त्याचा संयम आपल्या हातात राहतो. लिनक्स एरवी डिस्कची ३० सेकंद वाट पाहते. तो आकडा १८० करता येतो. दुसऱ्या बाजूने, ‘स्मार्टसीटीएल’ या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने डिस्कला तिची मर्यादा विचारता येते आणि तिची तयारी असेल तर बदलताही येते. ही मर्यादा सेकंदाच्या दशांशात सांगायची असते, म्हणजे सात सेकंदांसाठी ७०. पुष्कळ डिस्क वीज गेली की हे विसरतात, म्हणून संगणक सुरू होताना दर वेळी सांगावे लागते. आणि काही डिस्क ‘मला हे येत नाही’ असे सरळ उत्तर देतात. तशी डिस्क घाईच्या कार्डाला जोडू नये.

याच्या जोडीला, सगळ्या डिस्क ठरावीक काळाने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घ्याव्यात. सगळी मुले वर्गात असतानाच पाट्या तपासल्या, तर पुसलेला आकडा लगेच परत लिहिता येतो. लिनक्सच्या डेबियन आवृत्तीत हे काम महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होत आले आहे.

आता सरांच्या डिस्कांकडे परत येऊ. त्यांच्या मदतीला आलेल्या एका जाणकाराने पहिली गोष्ट केली ती अशी, की कार्ड बाजूला ठेवले. पाच वाईट सेक्टर असलेली डिस्क घरच्या संगणकाला जोडून तिची नवी डिस्कवर जशीच्या तशी नक्कल काढायला घेतली. आता पटावरून नाव कमी करणारे कोणी नव्हते. अडलेल्या जागी डिस्कने हवा तितका वेळ घ्यावा, एवढेच तिला सांगितले होते. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती झगडत होती. पाचांपैकी तीन सेक्टर वाचले गेले. सात सेकंदांत हात टेकणारी डिस्क असती, तर ते तीनही कदाचित मिळाले नसते. संचात जो तिचा दोष ठरला, तोच शेवटची प्रत उरल्यावर उपयोगी पडला.

ती नक्कल आणि उरलेल्या दोन डिस्क यांच्यावरून लिनक्सने चौथीचा हिशेब मांडला आणि फाइली उघडू लागल्या. न मिळालेले दोन सेक्टर एका स्नेहसंमेलनाच्या चित्रफितीत होते. नाटकाच्या दुसऱ्या अंकात चित्र क्षणभर फाटल्यासारखे दिसते. रजिस्टरांची पाने सगळी शाबूत निघाली. सरांनी त्याच आठवड्यात ती एका वेगळ्या डिस्कवर उतरवून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवली.